पुस्तकांवरचं प्रेम पगारात धरू देऊ नकोस

*ताई, मी २९ वर्षांची आहे. पुण्यातल्या एका छोट्या मराठी प्रकाशनात पाच वर्षं संपादनाचं काम करते. आम्ही सगळे मिळून सात जण. हस्तलिखित वाचण्यापासून पार्सलांवर पत्ते चिकटवण्यापर्यंत सगळं करते. पगार २६ हजार. आता गुरुग्राममधल्या एका मोठ्या इंग्रजी प्रकाशनाकडून बोलावणं आलंय. अनुवादित पुस्तकांच्या विभागात सहायक संपादक, वर्षाला ७ लाख २० हजार. तिथे काम केलेल्या तिघांशी फोनवर बोलले. एक म्हणाली, आयुष्यातले सगळ्यात चांगले सहकारी मला तिथे भेटले. दुसरा म्हणाला, तीन वर्षांत पुस्तक हातात घ्यायची इच्छाच मेली. तिसरीने दोन्ही गोष्टी सांगितल्या. मी आणखीच गोंधळले. शिवाय सरांना, आमच्या प्रकाशनाच्या मालकांना, कसं सांगू? त्यांनी मला बोटाला धरून शिकवलं. त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा लोकदैवतांवरचा ग्रंथ आत्ता माझ्या टेबलावर आहे, दुसरं प्रूफ चालू आहे. जाऊ का?*
*— एक संपादक, पुणे*

प्रिय मैत्रिणी,

तुझ्याशी बोललेले तिघेही खरं बोलले आहेत. मी दिल्लीतल्या अशाच एका मोठ्या प्रकाशनात अकरा वर्षं काढली. पहिल्या वर्षी मीही घरी फोन करून सांगायचे की अशी माणसं कुठे मिळणार नाहीत. सहाव्या वर्षी माझ्या उशाशी एकही पुस्तक नव्हतं. त्यामुळे कोण खरं नि कोण खोटं हे शोधत बसू नकोस. कोणत्या कामामुळे पहिलीला तसं वाटलं आणि कोणत्या कामामुळे दुसऱ्याला, ते समजून घे.

पण आधी तू आत्ता कुठे उभी आहेस ते बघू. सात माणसांची कचेरी आहे तुमची. वीसपेक्षा कमी माणसं असली की भविष्यनिर्वाह निधीची सक्ती सहसा नसते. ग्रॅच्युइटीसाठी किमान दहा माणसं लागतात. प्रसूतीच्या २६ आठवड्यांच्या पगारी रजेचंही तेच. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३च्या कायद्याप्रमाणे कचेरीतच समिती नेमायची सक्ती दहा माणसांपासून पुढे सुरू होते. त्याखालच्या ठिकाणी बाईने जिल्ह्याच्या समितीकडे जायचं. तुझे सर सज्जन आहेत, म्हणून यातलं काहीच तुला कधी टोचलं नसेल. पण हे सगळं एका सज्जन माणसाच्या भरवशावर चाललंय. उद्या सरांच्या जागी त्यांचा मुलगा किंवा पुतण्या बसला तर? पाच वर्षं काम करून तुझ्या नावावर पीएफ बहुधा नाहीच. हे मला तुझ्या पत्रातल्या बाकी कशाहीपेक्षा जास्त लागलं.

आता तिथली माणसं. त्या पहिल्या मुलीचं वाक्य मला पटतं, आणि त्याचं कारण तिथली माणसं जात्याच गोड असतात हे नाही. मोठ्या प्रकाशनगृहात प्रत्येक कामाला वाहिलेला एक माणूस असतो. छोट्या प्रकाशनात तूच संपादक, तूच मुद्रितशोधक, पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर (ब्लर्ब) तूच लिहितेस, मुखपृष्ठ बघून ‘थोडं निळं करा’ हेही तूच सांगतेस. दिल्लीत माझ्या शेजारी निर्मिती विभागातले एक गृहस्थ बसायचे. कागदाचा तुकडा दोन बोटांत धरून तो सत्तर जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) की ऐंशीचा हे सांगायचे आणि ते कधी चुकलेले मी पाहिले नाहीत. बारा पानं कमी केलीस तर एक फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) वाचेल आणि पुस्तक वीस रुपयांनी स्वस्त होईल, हे त्यांनी मला दाखवून दिलं. त्या दिवसापासून मी परिशिष्टाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. पलीकडे हक्क विभागातली बाई. करारात ‘सर्व प्रकारचे हक्क’ असे तीन शब्द लेखकाकडून सही करून घेतले की त्या लेखकाचं काय काय जातं, हे मला तिच्याकडून कळलं. चित्रपट, ध्वनिपुस्तक, परदेशी आवृत्ती, प्रत्येक गोष्ट वेगळी विकता येते. मराठीत अजून कितीतरी लेखक-प्रकाशकांचे व्यवहार तोंडी किंवा एका पानावर होतात. हे शिक्षण तुला पुण्यात कुणी देणार नाही, कारण ते शिकवायला वेगळा माणूसच नाही.

आणि एक कॉपी एडिटर होती. अनुवादात एका ओढ्याचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी आलं होतं, म्हणून तिने त्या गावाच्या ग्रामपंचायतीत फोन लावला. आठशे रुपयांच्याही पुस्तकाला इतकी काळजी मिळत असेल तर मी कधीच इथून जाणार नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं. अशा माणसांसाठी लोक कमी पगारात वर्षानुवर्षं राहतात.

ही गोष्ट मालकांनाही माहीत असते.

पत्रात तू कबूल केलेलं नाहीस, पण तुझं मन जिथे अडतं ती जागा हीच आहे. या धंद्यात पुस्तकांवरचं प्रेम हा पगाराचाच एक भाग धरला जातो. तोंडाने कुणी म्हणत नाही. पण पगारवाढीच्या वेळी ‘तू तर हे काम मनापासून करतेस’ असं कौतुक येतं आणि आकडा तिथेच राहतो. न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर २०२२मध्ये हार्परकॉलिन्सचे सुमारे अडीचशे कर्मचारी संपावर गेले. संपादन, प्रसिद्धी, सजावट, कायदा, सगळ्या विभागांतली मंडळी. सुरुवातीचा किमान पगार वर्षाला ४५ हजार डॉलर होता, त्या शहरात घरभाडं भागवून त्यावर जगणं कठीण होतं. मागणी ५० हजारांची होती. भर हिवाळ्यात ही माणसं कचेरीबाहेर फलक घेऊन उभी राहिली. पुष्कळ लेखक त्यांच्या बाजूने बोलले, आणि संप मिटेपर्यंत आम्ही नवी हस्तलिखितं पाठवणार नाही असं कितीतरी साहित्यिक एजंटांनी कळवलं. फेब्रुवारी २०२३मध्ये समझोता झाला. पगार आधी साडेसत्तेचाळीस हजार, आणि २०२५च्या सुरुवातीला ५० हजार. तिथल्या पाच मोठ्या प्रकाशनांपैकी कामगार संघटना असलेलं ते एकमेव. बाकी चार ठिकाणी पुस्तकांवर प्रेम करणारी माणसं नव्हती का? होती. संघटना नव्हती.

आपल्याकडे प्रकाशनातल्या संपादकांनी असं कधी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. म्हणून प्रत्येकीला आपलं आपणच बोलावं लागतं, आणि बोलताना संकोच वाटतो. पुस्तकांसाठी आलो आणि पैशांचं काय बोलायचं, असं. तो संकोच सोड.

आकडा घेऊ. ७ लाख २० हजार म्हणजे महिना ६० हजार, असं तू घरी सांगितलं असशील. सीटीसी, म्हणजे कंपनी तुझ्यावर करते तो एकूण खर्च, आणि हातात पडणारा पगार यांत अंतर असतं. समज, मूळ पगार निम्मा, म्हणजे ३० हजार. कंपनीचा पीएफ १२ टक्के, ३,६०० रुपये, तो याच साठात धरलेला असतो. ग्रॅच्युइटीचे साधारण साडेचौदाशेही यातच. ‘व्हेरिएबल’ म्हणून दहा टक्के बाजूला ठेवले असतील तर ते सहा हजार वर्षअखेरीस मिळतील किंवा मिळणार नाहीत. मग तुझा स्वतःचा पीएफ आणखी ३,६००. हातात राहतात ४५ हजारांच्या आसपास. पीएफ तुझाच आहे, तो बुडालेला नाही. पण गुरुग्रामचं भाडं हातातल्या पैशांतून द्यायचंय. पुण्यात तू २६ हजारांत घरच्यांबरोबर राहतेस की खोली घेऊन, हे पत्रात नाही. घरी राहत असलीस तर शिल्लक आजच्याइतकीच राहील, कदाचित कमीच. म्हणून हिशेब साठावर करू नकोस, पंचेचाळिसावर कर. ऑफर लेटरमध्ये व्हेरिएबलचा आकडा वेगळा मागून घे आणि मागच्या दोन वर्षांत तो किती टक्के दिला गेला, हे थेट विचार. विचारलं म्हणून कुणी ऑफर मागे घेत नाही. घेतली तर बरंच झालं म्हण.

आता त्या दुसऱ्या मुलाबद्दल, ज्याची वाचायची इच्छा मेली. त्याचं काय झालं असेल याचा मला जवळजवळ खात्रीने अंदाज आहे. मोठ्या प्रकाशनात संपादकाचा दिवस संपादनात जात नाही. दिवस मीटिंगांत जातो. अ‍ॅक्विझिशनची, म्हणजे कोणतं पुस्तक घ्यायचं त्याची मीटिंग, मुखपृष्ठाची मीटिंग, विक्रीवाल्यांना पुढच्या सहा महिन्यांची पुस्तकं समजावून सांगायची मीटिंग. एखादं पुस्तक घ्यायचं असेल तर आधी ‘पी अँड एल’चा, म्हणजे नफातोट्याचा तक्ता भरायचा. प्रती किती, किंमत किती, वितरक-दुकानदारांना सूट किती (छापील किमतीचा जवळजवळ निम्मा भाग तिथेच जातो), रॉयल्टी किती, छपाई किती, परत येणाऱ्या प्रती किती धरायच्या. शेवटच्या रकान्यात ठरावीक टक्के उरले नाहीत तर पुस्तक नाही. मग आपण काय करतो? प्रतींचा अंदाज वाढवतो. मीही वाढवला आहे. वर्षभराने त्याच प्रती गोदामातून परत आल्या, तेव्हा माझ्या नावापुढे ती तूट लिहिली गेली. मी लेखकाला फोन करायचं दोन आठवडे टाळत राहिले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

खरं वाचन, ओळीओळीचं, ते उरतं रात्री आणि रविवारी. त्यासाठी वेगळे पैसे नाहीत, वेगळी रजा नाही. आवडीचं काम आहे म्हणून कुणाला ते काम वाटतच नाही, घरच्यांनाही नाही. असं तीन वर्षं चाललं की पुस्तक दिसताच माणसाच्या मानेत दुखायला लागतं. हे शब्दशः सांगतेय, मला तसं व्हायचं.

तुझ्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. तू मराठी. त्या कचेरीत मराठी सफाईने वाचणारी बहुधा तू एकटीच असशील. गेल्या काही वर्षांत इंग्रजी प्रकाशनांचं लक्ष भारतीय भाषांकडे वळलंय. २०२२मध्ये हिंदीतून इंग्रजीत गेलेल्या कादंबरीला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, २०२५मध्ये कन्नडमधून गेलेल्या कथासंग्रहाला. तुझी जागा अशा वातावरणात निर्माण झालेली असणार, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. मराठीतून जे जायला हवं त्यातलं किती थोडं आजवर गेलंय! पण होईल काय, की कंपनीत येणारं प्रत्येक मराठी हस्तलिखित, प्रत्येक अनुवादाचा नमुना, कुणाच्याही विभागातला असो, तुझ्याकडे ‘जरा नजर टाक’ म्हणून येईल. त्या नजर टाकण्याला तुझ्या वर्षअखेरच्या मूल्यमापनात रकाना नसेल. माझ्याबरोबरची एक बंगाली मुलगी यातच दमली. दिवसा स्वतःची पुस्तकं आणि रात्री सगळ्या कंपनीचं बंगाली. बढती मात्र विक्रीच्या आकड्यांवर झाली, दुसऱ्या कुणाची तरी.

म्हणून मुलाखतीच्या शेवटच्या फेरीत हे विचार: वर्षाला किती पुस्तकं माझ्या नावावर असतील? अनुवादाच्या यादीचा अंतिम निर्णय कुणाच्या हातात आहे, आणि ती व्यक्ती मराठी किंवा दुसरी कुठलीही भारतीय भाषा वाचते का? गेल्या तीन वर्षांत सहायक संपादकाचे संपादक किती जण झाले? माझ्या आधी या जागेवर कोण होतं आणि ती का गेली? या शेवटच्या प्रश्नाला समोरचा कसं उत्तर देतो ते नीट ऐक. जागा नवीनच असेल तर तसं सांगतील. ‘तिला दुसरं काहीतरी करायचं होतं’ असं उत्तर आलं, तर शक्य असल्यास तिला शोधून तिच्याशी बोल. आणखी एक: पुस्तकाच्या श्रेयपानावर संपादकाचं नाव छापतात का? पुष्कळ ठिकाणी छापत नाहीत. मला याचं पूर्वी काही वाटायचं नाही, आता वाटतं. पाच वर्षांनी नवी नोकरी शोधताना तुझं काम दाखवायला तुझ्याकडे काहीतरी हवं.

मोठं म्हणजे सुरक्षित, असंही धरून चालू नकोस. वेस्टलँड आठवतंय? ते इंग्रजी प्रकाशन ॲमेझॉनच्या मालकीचं होतं. फेब्रुवारी २०२२मध्ये ॲमेझॉनने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. चांगली पुस्तकं निघत होती, लेखक होते, वाचक होते. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एक पाठीशी होती. तरी एका घोषणेत सगळं संपलं, आणि दुकानांतल्या प्रती संपण्याआधी घ्याव्यात म्हणून वाचकांची धावपळ झाली. पण यातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दोनतीन महिन्यांत त्यातली संपादक मंडळी प्रतिलिपी या ऑनलाइन कथांच्या कंपनीबरोबर पुन्हा एकत्र उभी राहिली आणि पुन्हा वेस्टलँड याच नावाने पुस्तकं काढू लागली. मालक गेला तरी ती माणसं एकमेकांबरोबर काम करायला तयार होती. तुझ्याशी बोललेली पहिली मुलगी म्हणाली ते हेच.

मोठ्या प्रकाशनगृहांची विलीनीकरणं होतच राहतात. पेंग्विन आणि रँडम हाऊस २०१३मध्ये एक झाले. पुढे त्यांना सायमन अँड शूस्टरही घ्यायचं होतं, २१७ कोटी डॉलरपेक्षा जास्त मोजून. अमेरिकेच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२२मध्ये ते अडवलं. घरं कमी झाली की लेखकांना मिळणारी आगाऊ रक्कम घटेल, हा त्यात कळीचा मुद्दा होता. संपादकांच्या बाजूने बघितलं तरी तेच होतं. नोकरी देणारी दारं कमी झाली की ‘मी दुसरीकडे जाईन’ या शब्दांना वजन राहत नाही. आपल्याकडे इंग्रजीतल्या मोठ्या प्रकाशनांच्या कचेऱ्या दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या पट्ट्यात एकवटलेल्या आहेत. एक सोडलं की दुसरं, पण सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथे भांडून बाहेर पडणं महाग पडतं. निघायचं झालं तर नीट निघ.

तर, जाऊ का? माझं मत: जा.

तू २९ वर्षांची आहेस आणि एका माणसाकडून मिळण्यासारखं बरंचसं शिकली आहेस. करार, हक्क, निर्मिती, विक्री हे तुला जवळून बघायला हवं, कारण उद्या परत येऊन पुण्यात स्वतःचं काही काढावंसं वाटलं तर नेमकं हेच लागेल. मौज प्रकाशनाच्या श्री. पु. भागवतांसारखा संपादक लेखकाच्या संहितेपाशी किती बारकाईने थांबायचा, ते मराठीत आपण अजून अभिमानाने सांगतो. ती परंपरा तुझ्या सरांनी तुझ्या हातात दिली आहे. ती गुरुग्रामला गेली तर मराठीचं नुकसान नाही. मराठी पुस्तक इंग्रजीत जाताना त्याच्या शेजारी मराठी जाणणारा संपादक असणं किती गरजेचं आहे, हे ओवीचं चार ओळींत भुस्कट झालेले अनुवाद वाचल्यावर कळतं. पण तीन वर्षांचा विचार करून जा. तीन वर्षांनी, पगार किंवा पद यांपैकी एक तरी ठळकपणे हललं नसेल, आणि रात्री झोपताना तू स्वतःसाठी दोन पानंही वाचत नसशील, तर निघायची तयारी कर. तोवर रविवार सोडू नकोस. पहिल्या महिन्यात रविवारी मेलला उत्तर दिलंस की ते तुझं काम होऊन बसतं.

सरांना सांगणं तुला सगळ्यात अवघड वाटतंय, आणि ते साहजिक आहे. ईमेल नको, फोन नको. संध्याकाळी बाकीचे गेल्यावर समोर बस आणि सांग. ऑफरचं पत्र हातात आल्यावर सांग, पण राजीनामा लिहायच्या आधी. त्यांना वाईट वाटेल. कदाचित चार दिवस बोलणार नाहीत. त्यांनी तुला इतकं शिकवलं ते तू कायम त्यांच्याजवळ राहावंस म्हणून नाही, हे त्यांना आतून माहीत असणार. पण ते त्यांच्या तोंडून लगेच ऐकायची अपेक्षा ठेवू नकोस.

ग्रंथाचं दुसरं प्रूफ पूर्ण करूनच निघ. रुजू व्हायची तारीख महिनाभर पुढे मागितलीस तर सहसा देतात. सूची कुठवर आली, कोणत्या नोंदी सरांकडून तपासून यायच्या आहेत, कोणत्या फोटोंची परवानगी बाकी आहे, हे सगळं एका वहीत लिहून पुढच्या मुलीच्या हातात दे. तिसरं प्रूफ सरांनी तुलाच वाचायला सांगितलं, आणि ते सांगतील असं मला वाटतं, तर नव्या नोकरीच्या करारात बाहेरचं काम करायला मनाई आहे का ते आधी बघ आणि असेल तर त्यांच्याकडून लेखी परवानगी घे. मग आनंदाने वाच. फक्त फुकट वाचू नकोस. पानाचा दर सरांशी आधी ठरव, तुझ्या जागी बाहेरचा कुणी वाचला असता तर त्याच्याशी ठरवला असता तसाच.